दिनानाथचा दुसरा अर्ज

पेणजवळच्या गडब गावचा दिनानाथ रोह्याच्या एका रंगांच्या कारखान्यात अकरा वर्षं ऑपरेटर होता. पंपाच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, दुरुस्त करायचा. रजिस्टरवर सही मात्र इंचार्जची. दोनदा चार्जमनची, म्हणजे पाळीवरच्या मुख्य कामगाराची जागा निघाली, दोन्ही वेळा त्याच्यामागून लागलेल्यांना मिळाली. सत्त्याऐंशी साली तिसऱ्यांदा निघाली, तेव्हा नव्या साहेबांनी विचारलं, "अकरा वर्षांत काय केलंत?"

"ड्युटी केली, साहेब."

"ती सगळेच करतात. वेगळं काही असेल तर सोमवारी लिहून आणा."

रविवारभर तो ओटीवर येरझारा घालत होता. आपल्याच तोंडानं आपलं काय सांगायचं? बायको मालू वाल निवडत होती. ती वैतागली.

"पेणच्या बाजारात मी वाल झाकून बसतंय काय? गिऱ्हाइकाच्या हातावर दाणे ठेवते, तवा इकले जातात. लिवा गुमान!"

तो लिहायला बसला. पंपाची दुरुस्ती लिहून झाली, गाळणीची झाली. मग आली गेल्या पावसाळ्यातली वायुगळती. व्हॉल्व्ह त्यानंच बंद केला होता, पण वास आधी त्याच्याच पाळीतल्या, रोज एका बाकावर डबा खाणाऱ्या गुणाजीला आला होता. तोच ओरडला होता. दिनानाथचं पेन थबकलं. मग त्यानं लिहिलं: 'वास येताच मी व्हॉल्व्ह बंद केला.'

जागा मिळाली. बोर्डावर नाव लागलं, कारणासकट. गुणाजीनं ते वाचलं आणि त्या दिवसापासून डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसू लागला.

दिनानाथला चैन पडेना. हजेरी घेताना गुणाजीचं नाव आलं की त्याची नजर खाली जायची. आठवड्यानं तो साहेबांपुढे उभा राहिला.

"अर्जात एक नाव राहिलंय."

"आता कशाला? निवड झाली तुमची."

"म्हणूनच, साहेब." त्यानं दुसरा अर्ज टेबलावर ठेवला.

शिफ्ट बदलताना त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "वास गुणाजीला आला. मी नंतर धावलो."

"तवाच लिवला असतास तर आज बोलायला लागला नसता," गुणाजी म्हणाला आणि निघून गेला.

पुढच्या वर्षी चार्जमनची आणखी एक जागा निघाली. एका दुपारी गुणाजीनं आपला अर्ज दिनानाथपुढे धरला. "वाच. कुनाचा नाव राहिला असंल तर सांग."

दिनानाथनं कागद तीनदा वाचला. त्याचं स्वतःचं नाव दोन ठिकाणी होतं. नीट घडी घालून त्यानं तो परत दिला.