मधल्या ओळीतली डोमकळी

आमच्या सासऱ्यांना सगळे पंपवाले म्हणतात, आणि पंपाचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरतं. तरुणपणी ते दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करायचे. बोंडअळीचे दिवस आले की पाठीवर पंप चढायचा तो हंगाम संपेपर्यंत उतरायचा नाही. सासूबाई सांगतात, तेव्हा ते घरी आले की माणसाच्या आधी औषधाचा वास दारात यायचा. त्यांचे कपडे वेगळे भिजवायचे, लहान मुलाला जवळ जाऊ द्यायचं नाही. एकदा ते ओळीतच कोसळले. दवाखान्यातून घरी आले ते हाताला कायमचा कंप घेऊन. डाव्या डोळ्यानेही तेव्हापासून धूसरच दिसतं.

पुढे बीटी कपाशी आली. झाडाच्या पानापानातच असं काही असतं, की अळीने चावा घेतला की ती मरते. बोंडअळीसाठी फवारणी करायची गरजच उरली नाही. बाबांनी पंप भंगारात दिला आणि जिनिंग मिलमध्ये पाहणीचं काम धरलं. मिलला कापूस घालणाऱ्यांच्या शेतांवर जायचं, फुलं-बोंडं फोडून बघायची, अळी दिसली तर कळवायचं. वाचायला, बारीक काही बघायला डोळे हवेत म्हणून बऱ्याचदा मी बरोबर असायची.

त्यांचं आणखी एक काम होतं, आणि त्यापायी त्यांनी लोकांची टिंगल फार सोसली. पेरणीच्या वेळी ते दारोदार जाऊन सांगायचे, "शेताच्या कडेने चार ओळी साध्या कपाशीच्या लावा."

"म्हणजे अळ्यांसाठी खाणावळ घालू?" लोक विचारायचे.

"घाला. एखादी अळी अशी निघते की जिला बीटीचं विष पचतं. तिचं पाखरू झालं आणि त्याला जोडीदारही तसाच मिळाला, तर पोरंही तशीच निघणार. साध्या ओळींतून साधी पाखरं उडाली, तर तिची गाठ त्यांच्याशी पडेल. मग पोरं बीटी खाऊन मरतील."

"पंपवाले, तुम्ही अळ्यांच्या सोयरिकी जुळवता होय?"

"जुळवतो की. माणसांपेक्षा बरं आहे, रुसवेफुगवे नाहीत."

लोक हसायचे, पण बरेच जण ओळी लावायचे. आत्याबाईही लावायच्या. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवऱ्यामागे त्यांनी शेत एकटीने सांभाळलं.

त्यांच्याच शेतात गेल्या हंगामात ते घडलं. कपाशी फुलावर होती, खालची बोंडं धरली होती. मी बाबांच्या मागून चालत होते. शेताच्या अगदी मधोमध बाबा थांबले. समोरच्या झाडावरचं एक फूल उमललंच नव्हतं. पाकळ्या एकमेकींना चिकटून गाठोडं झालं होतं. याला डोमकळी म्हणतात. बाबांनी पाकळ्या सोडवल्या, तर आत अळी. मग शेजारचं हिरवं बोंड फोडलं. आत गुलाबी, गुबगुबीत, खाऊनपिऊन सुखी अशी दुसरी. थोडं पुढे आणखी एक झाड, त्यातही तेच.

"बाबा, कडेच्या ओळींतून आली असेल," मी म्हटलं.

"ही अळी बोंडात शिरली की तिथेच राहते. या झाडाहून त्या झाडावर फिरत नाही." त्यांनी फोडलेलं बोंड माझ्यासमोर धरलं. "ही इथेच जगली आहे. बीटी खाऊन."

घरी येऊन ते पायरीवर बसले ते उठेचनात. सासूबाईंनी काय झालं विचारलं.

"पंप परत येणार," एवढंच म्हणाले.

माझ्या नवऱ्याने धीर द्यायला म्हणून म्हटलं, "आलाच तर मी मारीन फवारणी. आता तोंडाला लावायला चांगलं काहीबाही मिळतं."

"तू हात लावायचा नाहीस!" बाबा ओरडले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. सासूबाई ताटं मांडत होत्या, त्या मांडता मांडता थांबल्या. त्या दिवशी कोणीच धड जेवलं नाही.

मिलच्या मॅनेजरचं म्हणणं पडलं, "आत्ताच बोभाटा नको, लोक घाबरतील." बाबांनी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन सरळ कीटकांच्या प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या मॅडम दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन आल्या.

अळी सापडलेल्या झाडाचं पान त्यांनी एका छोट्या नळीत कुटलं, वर थोडं पाणी टाकलं आणि त्यात एक कागदी पट्टी उभी केली. "दोन रेघा उमटल्या तर झाड बीटी. एकच उमटली तर साधं."

आम्ही तिघं त्या नळीवर वाकलो. "किती?" बाबा मला विचारत होते. "सूनबाई, किती दिसतात?"

"एकच आहे, बाबा."

मॅडमनी दुसऱ्या अळीवाल्या झाडाचं पान घेतलं. तिथेही एकच. पट्ट्याच खराब निघाल्या की काय म्हणून त्यांनी शेजारच्या निरोगी झाडाचं पान कुटलं, तर दोन रेघा ठळक उमटल्या.

"एकाच ओळीत दोन प्रकारचं बी कसं?" मॅडमनी विचारलं.

आत्याबाई बांधावर उभ्या होत्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "नांग्या भरल्या."

ओळीत जिथे बी उगवत नाही त्या रिकाम्या जागेला नांगी म्हणतात. तिथे नंतर पुन्हा बी टोचतात. आत्याबाईंनी कडेच्या ओळींतून उरलेलं साधं बी तिथे टोचलं होतं. म्हणजे अळ्या साध्या झाडांवर जगल्या होत्या, बीटीवर नाही.

"ताई, मला सांगायचं नाही?" बाबा म्हणाले.

"तुला सांगितलं असतं तर एकेक बी उकरून काढायला लावलं असतंस! जागा रिकामी होती, बी होतं, लावलं."

बाबा तिथेच ढेकळांत खाली बसले. हसताहेत की रडताहेत, मला कळेना. आत्याबाईही घाबरल्या. बाबांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "अरे, एवढं काय झालं? काढू का झाडं? आत्ता काढते."

मॅडमनी मात्र लगेच पेढे वाटू दिले नाहीत. त्यांनी दिवस मावळेपर्यंत आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. दोन रेघांच्या झाडांची बोंडं फोडत आम्ही शेतभर फिरलो. जिवंत अळी एकाही बोंडात मिळाली नाही. तरी जाताना त्या डबीत अळ्या घेऊन गेल्या. "यांची पाखरं होतील, ती अंडी घालतील. त्या पिल्लांना बीटीचं विष घातलेलं खाणं देऊन बघते. तोवर मी खात्रीने काही म्हणणार नाही."

ते वाट बघणं फार कठीण गेलं. बाबा फोन उशाशी घेऊन झोपायचे. कोणी चुकून फोन लावला तरी दचकायचे.

फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. बाबांनी हाक मारली आणि फोन माझ्याकडे दिला. मी आवाज मोठा केला.

"काका, पिल्लं मेली," मॅडम म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी. तुमच्याकडच्या अळीला अजून बीटी पचत नाही."

"अरे वा, फार छान झालं!" बाबा म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते कळून ओशाळले. पलीकडे मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांनी बजावलं, की पुढच्या वर्षी साधं बी कडेलाच, मध्ये कुठेही नाही, आणि वेचणी संपली की उरलेली कपाशीची झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून टाकायच्या. हिरवं बोंड शेतात राहिलं की अळीचा मुक्काम वाढतो.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पोरगा कुठंय? त्याला सांगा आधी."

त्या वर्षी पऱ्हाट्या वेळेत निघाल्या. माझा नवरा बाबांबरोबर शेताशेतांतून फिरला. लोकांनी कुरकुर केली, पण उपटल्या. शेवटचं शेत मोकळं झालं त्या दिवशी बाबा जेवले आणि भर दुपारी ओसरीवर आडवे झाले. दुपारी झोपणं त्यांना ठाऊकच नव्हतं. थोड्या वेळाने आत्याबाई तावातावाने आल्या. पुढच्या साली कडेच्या ओळी कुठल्या बाजूला लावायच्या, यावर त्यांना भांडायचं होतं. भाऊ घोरत असलेला पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या, चपला हातात घेतल्या आणि आत येऊन मला हळूच म्हणाल्या, "राहू दे, निजू दे त्याला. भांडण उद्या करू."