जिभेवर चढलेला रंग

अभ्रा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि त्यावरचे जांभळाचे डाग निळे पडले, गारठलेल्या ओठांसारखे. ते आत्याच्या बोटांचे डाग होते.

आत्याला मधुमेह होता. थोडी जांभळं खात जा, गुण त्या रंगातच असतो, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी ती मीठ लावून जांभळं खायची आणि लहान मुलीसारखी जीभ काढून मला विचारायची, "बघ गं, चढला का रंग?" जीभ गडद दिसली की औषध लागू पडलं, असं ती धरून चालायची.

उन्हापासून वाचायला फळं हा रंग अंगावर घेतात म्हणे. आपण तोच उसना घेऊन वाचू पाहतो.

ती गेली तेव्हा तोंडात तुळशीचं पान ठेवताना मला तिची जीभ दिसली. रंग पुरता चढला होता.

डागांवर आईनं लिंबू पिळलं. आंबटानं हा रंग लाल होतो, हे मला ठाऊक आहे. तरी निळी बोटं बघता बघता तांबूस झाली, तशी मी मागे सरकले.

"राहू दे," आई म्हणाली. "वन्संचा हात आहे तो."

आईलाही आता साखर निघाली आहे. दुपारी तिनं बशीभर जांभळं संपवली आणि माझ्याकडे वळून जीभ बाहेर काढली.

"बघ गं, चढला का रंग?"

जीभ गडद जांभळी झाली होती. मी म्हणाले, "नाही."