ड्रॉवरला तेल नको

मालनवैनी माग दुरुस्त करायला गेली की आधी पाना काढायची नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मागाच्या सांगाड्याला टेकवायची, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून उभी राहायची. कुठं अडतंय, कधीपासून अडतंय, हे मागाचा मालक शेजारून सांगू लागला तर हातानंच त्याला गप्प करायची. "मागाला इचारू द्या की हो. माणूस काय, सोईचं तेवढंच सांगतंय."

आमच्या वडगावात घरोघरी यंत्रमाग. माझा थोरला भाऊ बाळूदादा त्यांचा मिस्त्री. वैनी माहेरची निपाणीची; तिची आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची. लग्न होऊन आल्यावर दादाच्या मागं हत्यारांची पिशवी घेऊन हिंडता हिंडता ती हे काम कधी शिकली, ते दादालाही सांगता आलं नसतं. दादा अचानक गेला आणि महिना उलटायच्या आत माणसं दारात उभी राहिली. "वैनी, माग बंद पडलाय. या की जरा." ती गेली.

आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ते खपलं नाही. सुनेनं पाना घेऊन लोकांच्या घरी जायचं म्हणजे काय! पण सरळ नको म्हणायचं सोडून त्यांनी दादाच्या कपाटाचं निमित्त धरलं. लोखंडी, सहा ड्रॉवरचं, सगळी हत्यारं त्यात. ड्रॉवर इतके जाम की दादासुद्धा कपाटाला पाय लावून ओढायचा. वैनीची ओढाताण सुरू झाली की कट्ट्यावरून आप्पांचा आवाज यायचा, "ड्रॉवर उघडंना, अन् निघाली माग दुरुस्त कराया!"

एक दिवस ती उलटून म्हणाली, "आप्पा, सगळी ड्रॉवर एका हातानं उघडून दावली तर?"

"तर कपाट तुझं, धंदा बी तुझा. मी तोंड उघडायचो न्हाय. न्हायतर धाकट्याला दिऊन टाकायचं."

धाकटा म्हणजे मी. मच्छे गावातल्या एका कारखान्यात फिटर होतो आणि पिरनवाडीला स्वतःची शेड टाकायचं मनात घोळत होतं. हे आधीच सांगितलेलं बरं.

वैनीनं घाई केली नाही. प्रत्येक ड्रॉवरला वेगळं औषध, असा तिनं प्रयोग मांडला. एकाला शिलाई मशीनचं तेल, एकाला मी कारखान्यातून आणलेलं ग्रीस, एकाला साबण, एकाला पोरांच्या कॅरमची पावडर, एकाला मेणबत्ती. सहावा तसाच ठेवला, ताडून बघायला. मी हसलो. "वैनी, हे कपाट हाय का दवाखाना?"

"हसा. पावसाळा जाऊ दे, मग कळंल कोन जगतंय."

मागाच्या घरात हवेत सुताची बारीक लव सतत उडत असते. तेलावर ती पंधरवड्यात बसली, ग्रीसवर तर वळकटी झाली. साबण ओलीनं चिकटला, पावडर गळून गेली. मेण मात्र टिकलं. वैनीचा निकाल असा: "तेल म्हंजे पाव्हणा. येताना गोड, मग घर धरून बसतंय. मेण म्हंजे सासुरवाशीण. दिसत न्हाय, पर घर तिच्यावर चालतंय."

मग तिनं सगळे ड्रॉवर बाहेर काढले. ते सरकतात त्या पट्ट्यांवर तपकिरी, डिंकासारखे थर होते. आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि आजोबांच्या काळापासून प्रत्येक ड्रॉवरमध्ये करडईच्या तेलाची धार सोडायची रीत आहे. ते तेल वाळून, लव धरून, वर्षावर वर्ष चढत गेलं होतं. वैनीनं रॉकेल लावून ते पत्र्यानं खरवडलं आणि कागदावर गोळा झालेला ढीग मला दाखवला. "बघा भावजी, आपली भक्ती." आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून दोघंही तोंड दाबून हसलो. सगळीकडं मेण घासल्यावर ड्रॉवर एका बोटानं सरकायला लागले.

त्याच दिवशी तिनं आप्पांना ते दाखवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण निपाणीहून निरोप आला, आई पडली, मांडीचं हाड मोडलं. ती निघाली. जाताना मला दाराशी थांबवून म्हणाली, "खंडेनवमीला मी नसनार. हळदकुंकू वाहा, फुलं वाहा. ड्रॉवरला तेल तेवढं नको."

"हूं," मी म्हणालो.

खंडेनवमीला आप्पा पूजेसाठी खुर्चीवर बसले. गुडघ्यानं अधू, त्यांना वाकवत नव्हतं. तेलाची वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. नको म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. आप्पांचा धाक होता हे खरं, पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की, मला ते कपाट पाहिजे होतं. मी सहाही ड्रॉवरमध्ये धार सोडली. हात आखडता घेतला नाही.

आई उठून बसती झाल्यावर, संक्रांतीला, वैनी परत आली. तिळगूळ द्यायला शेजारची चार माणसं आलेली होती. आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "हां, उघड बघू आता." तिनं हसत हसत वरच्या ड्रॉवरला हात घातला. तो बोटभर सरकला आणि अडला. दुसरा हललाच नाही. तिसरा तिनं ओढलाच नाही. कुणीतरी खाकरलं. वैनी हात पदराला पुसत सावकाश म्हणाली, "माझंच चुकलं. मेण टिकत न्हाय."

मी तिथंच होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर.

ती माहेरी गेली ती कायमचीच. निपाणीत मागांचं काम नव्हतं. आईच्या जागेवर वखारीत पाला निवडायला बसली. कपाट मी पिरनवाडीला आणलं. रॉकेलनं धुतलं आणि मेण घासलं, अगदी ती घासायची तसंच. ड्रॉवर अजून हलके चालतात. गिऱ्हाईक विचारतात, काय लावता हो याला? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि मी निपाणीला गेलो. त्यानंतर महिन्याभरातच ती गेली. मी भेटायला गेलो त्या दिवशी ती कॉटवर उशीला टेकून बसली होती. वखारीच्या धुळीनं छाती भरलेली, दोन शब्दांमागं दम खायची. मी खाली मान घालून म्हणालो, "वैनी, तेल मी सोडलंतं."

"ठाव हाय."

मी वर बघितलं.

"पैला ड्रॉवर वडला तवाच बोटाला लागलं. आप्पा वाकून खालपतूर कुठलं जातंय? तुमीच की."

"मग माझं चुकलं असं का म्हणालीस?"

तिनं उशाचा तांब्या उचलून पाण्याचा घोट घेतला.

"तुमच्याकडं बघून म्हनले हुते, भावजी. म्हटलं, आता तरी हे बोलतील. मग हळूहळू पिशवी भरली. एस्टी चुकली तरी चालंल म्हटलं. तुमी कट्ट्यावर बसला हुतासा."

मला आठवलं. बसलो होतो. ती माझ्यासमोरूनच गेली होती.