चंद्रभागाबाईच्या ओसरीवरच्या चपला

आष्टीपासून थोडं आत चंद्रभागाबाईचं घर. दिवाळी सरली की गावातले ऊसतोड करणारे लोक कारखान्यांकडं निघतात आणि शाळेतली लेकरं तिच्याकडं ठेवून जातात. शेजारच्या बाया पीठमीठ घेऊन येतात, भाकरी थापू लागतात. या सगळ्याला नाव द्यावं असं कुणाला कधी सुचलं नाही, आणि नावावाचून काही अडलंही नाही.

अडलं ते पलीकडच्या गावात. तिथं असंच एक घर होतं. मागच्या हिवाळ्यात सरकारी साहेब आले, नोंदणी नाही म्हणाले आणि लेकरं जीपमध्ये घालून शहरातल्या बालगृहात नेली. आईबाप तिकडं उसाच्या फडात. लेकरं परत मिळेस्तोवर उन्हाळा लागला. तेव्हापासून जीपचा आवाज आला की चंद्रभागाबाई हातातलं काम टाकून दाराशी यायची.

एका रविवारी जीप तिच्याच दारात थांबली. बाईनं लेकरांना मागच्या खोलीत लोटलं, बाहेरून कडी घातली. लबाडीलाही सवय लागते, ती तिला कुठली! लेकरांच्या चपलांचा ढीग ओसरीवर तसाच राहिला.

उतरली ती दीपमाला, संस्थांची पाहणी करणारी तरुण पोरगी. "मावशी, तुम्ही लेकरं सांभाळता म्हणे, ते कशात धरायचं? काही राज्यांत न्यास, म्हणजे ट्रस्ट, वेगळा आणि संस्था वेगळी. आपल्याकडं संस्थेला न्यास म्हणूनही नोंदवावं लागतं. शिवाय बचत गट आहेत, मंडळं आहेत. तुमचं तर कशातच बसत नाही."

कशातच बसत नाही, एवढंच बाईनं ऐकलं. "इथं कुणी राहत न्हाई, बाई. मी एकटीच हाय."

दीपमालानं चपलांकडं पाहिलं. तेवढ्यात कडी लावलेल्या दारामागून लहानग्या सायलीचा रडवेला आवाज आला, "मावशे, मग आमी कुठं राहायचं?"

चंद्रभागाबाईला स्वतःची लई लाज वाटली. भीती मात्र तसूभर कमी झाली नाही. तिनं कडी काढली. लेकरं येऊन बिलगली.

"हायेत," ती म्हणाली. "यांच्या आया माझ्या भरवशावर गेल्यात. काय लिव्हायचं ते लिव्हा, पर जीपमधी घालू नका."

"मी न्यायला नाही आले, मावशी. फक्त नोंद करते."

"ती नोंद कोण वाचतंय?"

दीपमाला लिहिता लिहिता थांबली. "ते मला नाही माहीत."

जीप गेली. चंद्रभागाबाई ओसरीवरच्या चपला उचलून आत न्यायला लागली.

"मावशे, आमच्या चपला कशाला लपवतीस?" सायलीनं विचारलं.

बाईनं एकदा रस्त्याकडं पाहिलं. राहिलेल्या चपला पदरात गोळा केल्या.