प्रोकोपीमामांची किटली

उन्हाळी छावणीची अर्धी वाट सरली होती. पुढे प्रोकोपीमामा, मागे मी आणि मध्ये ओझ्याचं रेनडिअर.

"मामा, थांबा की जरा! युद्धात दिवसभर एका जागी पडून राहायचात ना?"

"तेव्हा मागे तू बडबडत नव्हतीस," असं म्हणत मामा बसले. शेकोटी पेटवून त्यांनी काळवंडलेली किटली टांगली.

लपून अचूक नेम धरणारा आमच्या सैबेरियातल्या इव्हेंकी जमातीचा हा शिकारी महायुद्धात फार गाजला. सैन्यानं त्यांना नाव कोरलेली बंदूक दिली, पण मामांनी ती कधी मिरवली नाही. अस्वल मारलं तर त्याची क्षमा मागायची, ही आमची रीत. "माणसांची मागायची राहून गेली," असं मामा एकदा म्हणाले होते. छावणीवर कुणीही येवो, अगदी भांडून गेलेलाही, त्याला पहिला चहा मामांच्याच हातचा मिळे.

चहा ओतताना ते म्हणाले, "पोरी, मी गेलो की लोक माझी बंदूक मोडून थडग्यावर ठेवतील."

"रीतच आहे ना, मामा." मोडलेली वस्तू मेलेल्याबरोबर पलीकडे जाते आणि अख्खी इथंच राहते, असं आम्ही मानतो.

"म्हणून तर सांगतोय. तिथं ती माणसं भेटतील मला. बंदूक घेऊन कसा उभा राहू त्यांच्यासमोर?"

"मग थडग्यावर काय ठेवू?" मी विचारलं.

मामांनी किटली उचलून दाखवली. "बंदूक अख्खी राहू दे. हिला मात्र चांगला पोचा पाड. आणि चहापत्ती भरपूर ठेव गं, सगळ्यांना पुरायला हवी."