सनदेवरचं साल

फसली १३५५च्या बहमन महिन्यात, म्हणजे इंग्रजी १९४५च्या डिसेंबरात, मुरुमचा एक तरुण वकील नळदुर्गला माझ्या ओसरीवर आला. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्याला विलायतेत कायद्याची वरची पदवी घ्यायची होती, त्यासाठी वकिलीच्या उर्दू सनदेचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. निजामी चलनातले दोन हाली रुपये ठरले, एक त्यानं आधी दिला. तेव्हा माझी बायको तिथंच होती.

हात कोटाला पुसून त्यानं तीन फडकी सोडली आणि सनद बाहेर काढली.

"सनद हाय का तान्हं लेकरू?" बायको म्हणाली.

तो हसला. "वैनी, सहा वर्षं वकिली केली. पण निजामाच्या हद्दीबाहेर मला वकील कोण म्हणतंय?"

मी शब्द न् शब्द उतरवला. साल १३४९ फसली होतं, तेही तसंच लिहिलं. कागदावरचा आकडा बदलणं मला खोटेपणाचं वाटलं. त्यात ५९० मिळवून इंग्रजी साल शेजारी लिहिलं असतं, तर भागलं असतं.

उन्हाळ्यात तो परत आला. सहाशे वर्षांपूर्वीची सनद तुमची कशी, असं विद्यापीठानं विचारलं होतं. खुलासा पोचेपर्यंत जागा भरली होती आणि पुढच्या वर्षी त्याचं वय बसत नव्हतं.

सनद आता खिशात चार घड्या घालून ठेवलेली होती.

"मास्तर, तुम्ही खरंच लिहिलं," तो म्हणाला. "त्यांच्याकडं आपलं साल न्हाय, एवढंच."

मी नको नको म्हणत असताना राहिलेला एक रुपया त्यानं माझ्या हातावर ठेवला.