सुहासिनीची पाटी

हे घरात कोणाला ठाऊक नाही, मराठी मंडळात तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय, कारण काल पुन्हा ओळखीच्या एकांनी विचारलं— कोर्टाची पायरी न चढता भांडण मिटवून देणारी ती वकील कोण हो? तुमचं किती छान मिटलं. छान? माझं डोकंच फिरलं.

तपन आणि मी इथे कोलकात्यात, एस्प्लनेडला, प्रवास कंपनी चालवायचो. तो बंगाली मंडळी गोळा करायचा, मी त्यांना अजिंठा, महाबळेश्वर दाखवून आणायचो. कंपनीला नाव त्याच्या आईचं— सुहासिनी. पुढे आमचं फाटलं. ऑफिस आणि नाव कोणी ठेवायचं, इथे अडलं. करारात होतं की वाद झालाच, तर दोघांच्या संमतीने एक लवाद नेमायचा आणि त्याचा निवाडा मानायचा. लवाद म्हणून वकील शोधायचं काम तपनने माझ्यावरच सोडलं. "दादा, आप ही देख लीजिये," म्हणाला. भांडण माझ्याशी, आणि विश्वासही माझ्यावरच.

मी सेनबाईंचं नाव सुचवलं. आडनाव ऐकूनच तो निश्चिंत झाला— बंगाली बाई, आणखी काय हवं? पण बाई मूळच्या साताऱ्याच्या, लग्नाने सेन झालेल्या. दर संक्रांतीला न्यू टाउनला आमच्याकडे हळदीकुंकवाला येणार, जाताना गुळपोळ्यांचा डबा नेणार. तपनला हे कुठून कळणार?

बाई सरळ होत्या. आधीच फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, आपला घरोबा आहे हे त्यांना सांगा. लवादाने ते उघड करायचंच असतं. त्यांची हरकत नसेल, तरच मी बसेन."

मी नंतर कळवलं— सांगितलं, त्यांची काही हरकत नाही.

मी सांगितलंच नव्हतं. झालं, एवढंच ते.

आणि बाईंनी तरी तपनला एका शब्दाने विचारू नये? लेखी मागू नये? दुसऱ्या कोणाकडून मागितलंच असतं की. पण परमुलखात आपला मराठी माणूस सांगतोय म्हटल्यावर आपण डोळे मिटून घेतो. त्यांचा मला संताप येतो. आणि खोटं मी बोललो असताना संताप त्यांच्यावर काढतो, याची तर चीडच येते.

बैठका झाल्या, सगळ्या इंग्रजीत. तिथे मराठी बोलायला नको, बरं दिसत नाही, असं मीच त्यांना सुचवलं होतं. त्यांना तो माझा सभ्यपणा वाटला. ऑफिस मला मिळालं, नावही मलाच. निवाडा कदाचित योग्यही असेल— बाईंनी कागद नीट तपासले होते. पण ते आता कसं कळणार? कळायची वाट मीच बंद करून टाकली.

तपनने एका शब्दाने कुरकुर केली नाही. निघताना दारावरच्या पाटीकडे बघत म्हणाला, "दादा, बोर्ड पे धूल मत जमने दीजियेगा. माँ का नाम है."

आता तो बागबाजारला घरीच असतो. आणि मंडळात माझं उदाहरण देतात, वाद सामंजस्याने कसे मिटवावेत याचं. मी निर्लज्जासारखा मान डोलावतो.

पाटी मी रोज स्वतः पुसतो. ओल्या फडक्याने, एकेक अक्षर— कोणा दुसऱ्याच्या आईचं नाव, खोटं बोलून तिच्या मुलाकडून घेतलेलं.